ओल्या पुठ्ठ्याचा वास

सकाळी जाग आली की वहिनी डोळे उघडायच्या आधी उजवा हात दुमडायच्या आणि कोपराच्या आतल्या खळगीत नाक खुपसून तीन श्वास घ्यायच्या. स्वतःच्या कातडीचा वास. चव घेणाऱ्यांची ही जुनी युक्ती आहे. वीस ग्लास हुंगून नाक गोंधळलं की आपल्याच अंगाचा वास घ्यायचा, म्हणजे पाटी पुन्हा कोरी होते. बाकीचे हे टेबलाशी बसल्यावर करतात. वहिनी अंथरुणातच करायच्या, कारण नाक जागेवर आहे याची त्यांना रोज नव्याने खात्री लागायची. वास आला की त्या उठायच्या आणि चूळ भरायच्या आधी एका माणसाची आठवण काढायच्या, लोक देवाची काढतात तशी, न चुकता. तो माणूस म्हणजे त्यांचा धाकटा दीर.

त्यांना सगळेच वहिनी म्हणत. बिअरच्या ब्रुअरीतले कामगार, रिकाम्या बाटल्या परत आणणारा टेम्पोवाला, अगदी वजनमापं तपासायला येणारा साहेबसुद्धा. नवऱ्याने आणि त्यांनी मिळून एका बंद पडलेल्या छापखान्यात ती ब्रुअरी उभी केली होती. शाईचा वास भिंतींतून जायला सहा महिने लागले. तो गेला असं वहिनींनी सांगितलं तेव्हाच पहिलं पिंप भरलं. नवरा यंत्रांचा माणूस होता. पंप, नळ्या, झडपा यांच्याशी तो बायकोपेक्षा जास्त बोलायचा. चवीच्या बाबतीत मात्र सगळा आनंदच होता, चहा आणि कॉफी यांतला फरक त्याला कपाच्या रंगावरून कळायचा. चव हे खातं वहिनींचं.

आणि स्टाउट, म्हणजे भाजक्या जवाची दाट बिअर, पूर्णपणे त्यांची. काळी कुळकुळीत, वर तपकिरी फेसाचा जाड थर. स्टाउटला काळेपण येतं ते करपेपर्यंत भाजलेल्या जवामुळे, आणि बहुतेक जण हा जव बाकीच्या धान्याबरोबर सरळ गरम पाण्यात ढकलतात. मग करपट कडवटपणाही उतरतो आणि घशाशी राखेसारखा बसतो. वहिनी भाजलेला जव संध्याकाळी थंड पाण्यात वेगळा भिजत घालायच्या, सकाळी गाळायच्या आणि ते काळं पाणी शेवटी, अगदी शेवटी हंड्यात सोडायच्या. रंग यायचा, वास यायचा, राख यायची नाही. कामगार म्हणायचे, "वहिनी आज कुणाला काळ्या पाण्यावर पाठवताय?" त्यांची स्टाउट तोंडात घेतली की आधी कॉफी लागायची, मग दुधाच्या पातेल्याच्या तळाची खरवड, आणि गिळल्यावर पाटी चाटल्यासारखा स्वच्छ कोरडेपणा उरायचा. बाटलीवर वेगळंच काहीतरी छापलेलं होतं, पण गिऱ्हाईक दुकानात जाऊन "वहिनींची काळी द्या" म्हणायचं.

नवरा एका दुपारी पंपाशेजारी बसला तो उठला नाही. मग ब्रुअरीची सूत्रं दिराकडे आली. दीर विक्री बघायचा. बोलायला इतका गोड की तो दारात उभा राहिला तर आपण गिऱ्हाईक आहोत हे गिऱ्हाईक विसरून जाई. वर्षभरात वहिनींना मोठा ताप आला आणि त्या तापात वास गेला. दोन महिने गेला. परत आला तो तुकड्यातुकड्यांनी: आधी साबण, मग रबर, मग कॉफी, सगळ्यात शेवटी भाजलेला जव. त्या दिवशी वहिनी गोदामात पोत्यात हात घालून बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या. दिराने ते लांबून पाहिलं होतं.

आठवड्याने नवे भागीदार आले तेव्हा त्याने सगळ्यांसमोर टेबल मांडलं. "वहिनी, तुमच्याच भल्याचं सांगतो. नाकाबद्दल लोक कुजबुजतात. एकदा परीक्षा होऊन जाऊ दे, त्यांची तोंडं बंद."

परीक्षा साधी असते. तीन ग्लास, दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ओळखायचा. वहिनींनी तिन्ही हुंगले, घोट घेतले, कोपराचा वास घेतला, पुन्हा हुंगले.

"तिन्ही एकच आहेत," त्या म्हणाल्या.

दीर हसला. "वहिनी, इथला नियम कुणाचा? कळो न कळो, एक निवडायचाच."

नियम त्यांचाच होता. 'कळत नाही' असं म्हणायची मुभा दिली की आळशी जीभ त्याच आडोशाला बसते, असं त्या कामगारांना सांगायच्या. आता पेचात सापडल्या. दहा डोळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी तिसऱ्या ग्लासावर बोट ठेवलं. दिराने उत्तराची चिठ्ठी उघडली आणि कुणी गेल्याचं कळवावं तशा आवाजात वाचलं, "पहिला."

पुढचं सगळं रीतसर झालं. केसाने गळा कापताना रक्त फार सांडत नाही. बाटलीवर नवा कागद आला, त्यावर दिराचा फोटो आणि खाली ओळ: थोरल्या भावाकडून हाती आलेली कला. चहा-कॉफीत गफलत करणाऱ्या त्या बिचाऱ्या भावाला मेल्यावर जीभ फुटली.

वहिनी सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला आल्या आणि कॉफीच्या वखारीत दाणे निवडायच्या कामाला लागल्या. दीर चोर आहे हे त्यांना कागद पाहिला त्याच दिवशी कळलं होतं. त्यांना खात होतं ते दुसरंच. नाक खरंच गेलं होतं का? खाली पंक्चर काढायच्या चिकटीचा वास यायचा, वर कॉफीचा, आणि दोन्हींवर त्यांचा विश्वास बसत नसे. लोकांनी सांगितलं म्हणून आपल्याच पोटच्या पोराला चोर ठरवावं, तसं त्यांनी चार वर्षं आपल्या नाकाला ठरवलं.

मग एक दिवस पिंप्या आला. पिंपं धुणारा म्हणून पिंप्या, अंगाने मात्र काडी. पिंपाच्या तोंडातून आत शिरून बाहेर येईल, अशी त्याची थट्टा व्हायची. सुट्टीवरून दिराशी भांडून त्याने नोकरी सोडली होती. जिना चढून आला आणि उंबऱ्यातच चपलांशी खेळत राहिला.

"वहिनी, एक सांगायचं राहिलं होतं."

"आधी बस. पाणी देऊ?"

"नको. ते तीन ग्लास. परीक्षेच्या दिवशीचे." त्याने चपलांवरून नजर उचलली. "तिन्ही एकाच पिंपातले होते. मीच भरले."

वहिनींनी विचारलं, "कितवं पिंप?"

"सात नंबरचं."

"सातच," त्या म्हणाल्या. "झाकण जरा सैल होतं त्याचं, घोटात लागलं होतं."

पिंप्या गेल्यावर त्यांनी खोलीतली एकेक वस्तू उचलून हुंगली: साबणाची वडी, छत्रीची मूठ, नवऱ्याचा स्वेटर, गंजलेली किल्ली. सगळं आपापल्या जागी होतं. डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं ते दुसरंच काहीतरी, आणि ते पुढे कधी गेलं नाही.

त्यांनी बिअरच्या स्पर्धांसाठी परीक्षकाची परीक्षा दिली. पहिल्याच झटक्यात पास झाल्या. तीन वर्षांत त्यांचा दरारा असा झाला की नवशिके परीक्षक त्यांच्या शेजारी बसायला टाळायचे. त्या वाट बघत होत्या. दरवर्षी मोठी स्पर्धा भरायची, दरवर्षी त्यांना दुसरंच टेबल मिळायचं. एकदा गव्हाची बिअर, एकदा फळांची. "मला आंबट चालत नाही, पोटाला सोसत नाही," असं त्यांनी संयोजकांना सांगून पाहिलं. ब्रुअरी सुटल्याच्या सातव्या वर्षी स्टाउटचं टेबल मिळालं.

शाळेचा व्यायामाचा हॉल होता. भिंतीला टांगलेले दोर गुंडाळून वर बांधले होते. प्रत्येक टेबलावर पाण्याचा जग, कोरडी बिस्किटं, थुंकायला बादली आणि शिसपेन्सिली. पेन नाही, शाईला वास असतो. वहिनींबरोबर दोघं होती. एक निवृत्त रसायनशास्त्राचे मास्तर, ज्यांना प्रत्येक वासाचं शास्त्रीय नाव ठाऊक होतं आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नसे. दुसरी बेकरीवाली, भट्टीपुढे तीस वर्षं काढलेली, दंडावर भाजल्याचे डाग असलेली.

टेबलाचे नियम तीन. ग्लासावर फक्त आकडा, नाव नाही. आधी आपापल्या कागदावर लिहायचं, मग तोंड उघडायचं, आणि तिघांच्या गुणांत सातपेक्षा जास्त फरक पडला तर बोलून तो मिटवायचा. आणि एखादी बिअर ओळखीची निघाली, तर तसं सांगून टेबलावरून उठायचं.

अकरावा ग्लास आला तो दोनशे चौदा नंबरचा. वहिनींनी तो नाकाशी नेला आणि छापखान्याच्या दारात उभ्या राहिल्या. कॉफी. खरवड. घोट घेतला. गिळल्यावर पाटीचा कोरडेपणा. राख नाही, कण नाही. दिराने इतक्या वर्षांत काहीच बदललं नव्हतं. बदलायचं कसं हे त्याला माहीतच नव्हतं. तो त्यांची कृती डोळे मिटून जपत आला होता.

शेजारी बेकरीवालीने ग्लास खाली ठेवताना नाकातून लांब श्वास सोडला. बोलायची मुभा नव्हती, पण तो श्वास पुरेसा बोलका होता.

वहिनींनी पेन्सिल उचलली. पन्नासपैकी पंचेचाळीस लिहिले तर करंडक दिराचा, फोटो दिराचा, थोरल्या भावाची ओळ दिराची. उठून गेल्या तरी तेच, बाकी दोघं लिहितीलच. आणि खाली ओढायची तर ओढायची कुणाला? त्यांच्या आयुष्यात त्यांनी केलेली एकच निर्दोष गोष्ट त्या ग्लासात होती. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलं होतं, तिथे एक ठिपका हळूहळू जाड होत गेला.

मग त्यांनी लिहिलं: एकोणीस. शेऱ्याच्या जागी: ओला पुठ्ठा. बिअरला हवा लागली की असा वास येतो. जुनी खोकी पाण्यात भिजल्यासारखा. स्टाउटमध्ये तो भाजल्या वासामागे दडू शकतो, म्हणून त्यांनी तोच निवडला.

कागद उलटले. मास्तर चव्वेचाळीस. बेकरीवाली त्रेचाळीस.

"एकोणीस?" मास्तरांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही दुसराच ग्लास घेतलात की काय?"

"पुठ्ठा आहे," वहिनी म्हणाल्या.

"मला नाही आला बाई," बेकरीवाली म्हणाली. "मला तर वाटलं आजची हीच."

"थंड असताना लपतो." वहिनींनी ग्लास दोन्ही तळव्यांत धरला, अंडं उबवावं तसा. आवाज चढवला नाही. "जरा ऊब लागू दे. घाई नाही. आता घ्या. वरवरचं भाजलेलं सोडून द्या, त्याच्या खाली जा. भिजलेलं खोकं, गोदामातलं. मिळालं?"

बिअरच्या टेबलावर बोलण्याआधी लिहायला लावतात ते उगीच नाही. नाक फार भिडस्त असतं. मोठ्या माणसाने सांगितलं की समोर नसलेल्या पाहुण्यालाही ते बसायला खुर्ची देतं. बेकरीवालीने डोळे मिटले. एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं, तिसऱ्यांदा तिच्या कपाळावर आठी पडली.

"शेवटाला... हो. काहीतरी कागदी आहे खरं."

मास्तरांनी मागे राहणं शक्यच नव्हतं. "मला पहिल्यापासून शंका होती," ते म्हणाले, आणि त्याचं शास्त्रीय नाव सांगितलं.

दोघांनी आकडे खोडले, शेऱ्यात पुठ्ठा लिहिला: पंचवीस आणि सव्वीस. दोनशे चौदा नंबर बाद झाला. वहिनींनी बिस्किटाचा तुकडा मोडला, पाणी प्यायलं आणि बाराव्या ग्लासासाठी हात पुढे केला. बाई लगेच पुढच्या ग्लासाकडे वळल्या, असं बेकरीवाली नंतर कौतुकाने सांगायची.

परीक्षकांचे कागद बिअर करणाऱ्याकडे जातात. दिराला नाक नव्हतं, पण वाचता येत होतं. तीन वेगवेगळ्या अक्षरांत ओला पुठ्ठा. त्याने नळ्या बदलल्या, झाकणांची यंत्रं बदलली, बाटल्या भरणाऱ्यांना फैलावर घेतलं. स्वतः हुंगलं तेव्हा त्यालाही वास येऊ लागला. एकदा सांगितल्यावर कुणाला येत नाही? पुढच्या वर्षी त्याने स्पर्धेला बाटली पाठवलीच नाही. आणि एका दुपारी, परीक्षकांच्या यादीत वहिनींचं नाव वाचून, तो सायकलच्या दुकानावरचा जिना चढून आला. बगलेत दोन बाटल्या.

"वहिनी, मागचं मनात ठेवू नका."

"बसा भावजी. खुर्चीचा एक पाय लंगडा आहे, भिंतीला टेकवून बसा."

तो बसला. केस पांढरे झाले होते. "लोक म्हणतात तुमच्यासारखं नाक दुसरं नाही. देवाने परत दिलं बघा."

"कुठे गेलं होतं?" वहिनींनी विचारलं.

तो खिडकीकडे बघायला लागला. त्यांनी बाटली उघडली, ग्लास तिरका धरून ओतली, फेस बसू दिला. नाकाशी नेली. त्यांची स्टाउट. केसाइतकाही दोष नाही. आत, खोल कुठेतरी, त्यांना तिला पोटाशी धरावंसं वाटलं.

"पुठ्ठ्याचा वास येतोय अजून," त्या म्हणाल्या.

"अजून? सगळं बदललं मी, वहिनी! कुठून येतोय?"

त्यांनी त्याला थांबू दिलं. खाली कुणीतरी चाकाला हवा भरत होतं, त्या पंपाचे वीसेक झटके मोजण्याइतका वेळ.

"जवाचं काळं पाणी. संध्याकाळपासून सकाळपर्यंत उघडं असतं ना? तेवढा वेळ हवा खातं ते."

"मग काय करू?"

"भिजवू नका. जव सरळ बाकीच्या धान्याबरोबर गरम पाण्यात."

दीर गोंधळला. "पण वहिनी, पद्धत तर तुमचीच ना ती. बिअर तुमचीच."

सात वर्षांहून जास्त काळ वहिनी हे वाक्य ऐकायला थांबल्या होत्या. भागीदारांसमोर, कागदावर, कुठेतरी. ते आलं ते असं, लंगड्या खुर्चीवर, कामाच्या गडबडीत, आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही न येता. वहिनींचा हात ग्लासावर थांबला. तेवढ्यावर सोडता आलं असतं. 'थांबा, पुन्हा बघते' एवढं म्हणायचं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर सुंभही जळला नव्हता.

"म्हणूनच सांगते," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं होतं."

दिराने जाताना त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी लावू दिला.

पुढच्या घाण्यापासून स्टाउटमध्ये राख उतरली. गिऱ्हाइकाने एकदा घेतली, दुसऱ्यांदा तोंड वाकडं केलं, तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाची घेतली. "वहिनींची काळी" मागणारे हळूहळू थांबले. दीर कडवटपणा मारायला साखर घालू लागला, मग ती झाकायला आणखी काही. दीडेक वर्षात त्याने स्टाउट बंदच केली. ज्या भागीदारांपुढे चिठ्ठी वाचली होती त्यांनी त्याला विक्रीच्या टेबलावर परत बसवलं आणि बाटलीवरून त्याचा फोटो काढला. बातमी ऐकली त्या दिवशी वहिनींनी दोन वेळचं पोटभर जेवण केलं.

पिंप्या अधूनमधून यायचा. शेवटचा आला तो एका रविवारी दुपारी. दुकानदार फळी रिकामी करत होता, तिथून उरलेली एक बाटली त्याने आणली होती. वहिनी थकल्या होत्या, उशीला टेकून बसल्या. त्याने ओतली. त्यांनी हुंगली, घोट घेतला, तोंडात फिरवला. राख. तिच्यावर साखर. साखरेच्या खाली काहीच नाही. त्यांनी आणखी एक घोट घेतला, कुणाला तरी शोधत असल्यासारखा, आणि तोही गिळला.

"संपली म्हणायची," पिंप्या म्हणाला.

"संपली."

तो बाटलीवरचा कागद नखाने खरवडत होता. "वहिनी, एक विचारू? त्या वर्षी स्पर्धेत... खरंच पुठ्ठा होता?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलावं इतका तो परका नव्हता, आणि सोडून द्यावं इतका निर्दोषही नव्हता.

"नव्हता."

पिंप्याचं नख थांबलं. "मग आपलीच बिअर मारलीत तुम्ही. चांगली, जिवंत. तुम्ही तरी बोलायचंत ना खरं."

"तिन्ही ग्लास एकच आहेत हे मी बोलले होते," वहिनी म्हणाल्या. "तू तिथेच होतास, ट्रे धरून. तेव्हा तू बोलला असतास, तर ती आजही असती."

पिंप्याने मान खाली घातली. मग तो उठला, त्यांच्या हातातला ग्लास घेऊन मोरीपाशी गेला आणि नळ सोडला. त्या आठवड्यातच वहिनी गेल्या. त्या शेवटी काय म्हणाल्या, दिराचं नाव घेतलं का, स्टाउटबद्दल काही बोलल्या का, असं मास्तरांनी आणि बेकरीवालीने त्याला खोदून खोदून विचारलं. पिंप्याला सांगण्यासारखं फारसं नव्हतं. तो ग्लास धुऊन फडक्याकडे हात नेत होता, तेव्हा पाठीमागून वहिनींचा आवाज आला होता.

"पुसू नकोस रे. उपडा घाल नुसता, फडक्याचा वास लागतो."